काचबिंदूची तपासणी: कुठे पूर्ण होते आणि कुठे नुसता दाब मोजून पाठवतात

चष्म्याच्या दुकानात यंत्रावर हनुवटी टेकवायची, डोळ्यावर हवेचा झोत बसतो, कागदाची पट्टी बाहेर येते: उजवा १६, डावा १७. 'प्रेशर नॉर्मल आहे, काळजी नको.' काचबिंदूची तपासणी म्हणून बऱ्याच जणांच्या पदरात एवढंच पडतं. चाळणी म्हणून ती ठीक आहे. तिच्या भरवशावर 'काचबिंदू नाही' असं मात्र कुणी सांगू नये, आणि सांगितलं तर ऐकून घेऊ नये.

डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटरमध्ये असला की नॉर्मल म्हणतात. पण काचबिंदूत झिजते ती डोळ्याची नस, आणि ती २१ च्या आतल्या दाबालाही झिजू शकते. उलट २४ दाब असून वर्षानुवर्षं नस ठणठणीत असलेली माणसंही असतात. दाब दिवसभर एकसारखा राहत नाही. तपासणीआधी घटाघटा लिटरभर पाणी पिऊन गेलात तरी आकडा चढतो. श्वास रोखला, डोळे आवळले, गळ्याशी शर्ट घट्ट असला तरी चढतो. कॉर्निया (डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा) जाड असेल तर दाब उगाच जास्त दिसतो, पातळ असेल तर कमी दिसतो. सरासरी जाडी ५४० मायक्रॉनच्या आसपास. चष्म्याचा नंबर लेझरने घालवलेल्यांचा कॉर्निया त्याहून बराच पातळ झालेला असतो, त्यामुळे त्यांचा १४ हा आकडा फसवा असू शकतो. आपलं लेझर झालंय हे अशांनी पन्नाशीनंतरही प्रत्येक डॉक्टरला आपणहून सांगायला हवं.

भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला. दक्षिण भारतातल्या पाहण्यांत सापडलेल्या रुग्णांपैकी दहात नऊंहून अधिक जणांना आधी पत्ताच नव्हता. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं वाचता येतं. कडेची नजर आधी जाते आणि दुसरा डोळा ती उणीव भरून काढतो. गेलेली नजर परत येत नाही, त्यामुळे मोतीबिंदूसारखं 'पिकल्यावर बघू' इथे चालत नाही.

पैसे कोणत्या तपासणीचे द्यायचे

दाब मोजायची भरवशाची पद्धत म्हणजे गोल्डमन अ‍ॅप्लनेशन. सुन्न करणारा थेंब, मग पिवळा रंग, आणि स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर) निळ्या उजेडात एक बारीक शंकू बुबुळाला टेकवतात. मिनिटभराचं काम आहे. हवेच्या झोताचं यंत्र असलेल्या दवाखान्यातही शंका आली की डॉक्टरनं स्वतः गोल्डमन वापरायला हवं. फक्त पट्टीवरच्या आकड्यावरून औषध सुरू झालं किंवा बदललं, तर ती सेवा कमी दर्जाची समजा. कॉर्नियाची जाडी (पॅकिमेट्री) आयुष्यात एकदा नीट मोजून फाईलला लागली की सहसा पुरते.

सगळ्यात जास्त वेळा वगळली जाणारी तपासणी म्हणजे गोनिओस्कोपी, डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं तो कोपरा भिंगेने पाहणं. डॉक्टर चांगला की कसा, हे ओळखायला आमच्या मते एवढी एक खूण पुरते.

डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि कॉर्निया व रंगीत पडदा जिथे भेटतात त्या कोपऱ्यातून ते झिरपून बाहेर जातं. मोरीची जाळी आतून तुंबली आहे की जाळीवर फडकं येऊन बसलं आहे, हे वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. दोन्हींत पाणी साचतं, उपाय मात्र वेगळा. डोळ्यातही तसंच आहे. कोपरा उघडा असेल तर एक प्रकारचा काचबिंदू, रंगीत पडदा पुढे येऊन कोपरा बंद झाला असेल तर दुसरा. आपल्याकडे हा दुसरा प्रकार अजिबात दुर्मीळ नाही. त्याच २०१० च्या अंदाजात कोपरा अरुंद किंवा बंद असलेले, म्हणजे पुढेमागे धोका असलेले धरून, पावणेतीन कोटींच्या घरात लोक मोजले होते. सरळ समोरून पाहून हा कोपरा दिसत नाही. आरसे बसवलेली छोटी भिंग डोळ्याला टेकवावी लागते, खोलीत अंधार लागतो आणि उजेडाची फट अगदी लहान ठेवावी लागते. बाहुलीवर उजेड पडला की ती आकसते आणि बंद कोपराही उघडा भासतो. हे सगळं दोन-तीन मिनिटांत होतं, त्याला महागडं यंत्र लागत नाही, लागतो तो हात आणि सवय. म्हणूनच गर्दीच्या दवाखान्यात ते राहून जातं.

इथे क्रमही महत्त्वाचा. गोनिओस्कोपी बाहुली मोठी करायचे थेंब टाकण्याआधी व्हायला हवी. थेंब पडल्यावर कोपऱ्याची खरी स्थिती कळत नाही, आणि अरुंद कोपऱ्याच्या डोळ्यात त्या थेंबांनीच दाबाचा झटका येऊ शकतो. तुम्ही काचबिंदूच्या शंकेने गेला आहात, डॉक्टरने अजून पाहिलेलंही नाही आणि सहायक बाहेर बाकावर बसवून थेंब टाकायला आला, तर 'अँगल बघून झाला का?' एवढं विचारा. चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचा राग येत नाही. त्याच दिवशी फील्ड टेस्ट (कडेच्या नजरेची तपासणी) असेल तर ती गोनिओस्कोपीच्या आधी उरकून घ्यावी. भिंगाबरोबर लावलेल्या जेलने नजर थोडा वेळ धूसर होते आणि फील्डचा कागद बिघडतो.

बाहुली मोठी केल्यावर नसेचं तबकडीसारखं गोल तोंड पाहतात. मधली खळगी आणि पूर्ण तबकडी यांचं गुणोत्तर फाईलमध्ये ०.४, ०.७ असं लिहिलेलं असतं. ०.६ म्हणजे आजार आणि ०.४ म्हणजे नाही, असं गणित नाही. मोठ्या तबकडीच्या माणसाची खळगी जन्मतःच मोठी असते. दोन डोळ्यांत ०.२ हून अधिक फरक असेल तर मात्र लक्ष द्यायचं. नसेचा फोटो काढून ठेवणारं ठिकाण असेल तर उत्तम, कारण पाच वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरच्या हाताने लिहिलेल्या ०.५ पेक्षा फोटो जास्त खरं बोलतो.

फील्ड टेस्ट, म्हणजे पेरिमेट्री, ही रुग्णांना सगळ्यात नावडती आणि तंत्रज्ञाच्या हातात सगळ्यात जास्त बिघडणारी. पांढऱ्या अर्धगोलात डोकं घालायचं, मधल्या दिव्याकडे बघत राहायचं, कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. एका डोळ्याला तीन ते आठ मिनिटं, प्रोग्रॅमनुसार. बहुतेक ठिकाणी हम्फ्री यंत्रावर २४-२ हा नमुना चालवतात. यंत्र ठिपके मुद्दाम इतके फिके करत जातं की चांगल्या डोळ्यालाही जवळजवळ निम्मे दिसत नाहीत. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून अंदाजाने बटणं दाबत सुटतो. थकल्यासारखं वाटलं तर बटण दाबून धरायचं, हम्फ्रीवर चाचणी तेवढ्यापुरती थांबते. पापणी मिटायची ती बटण दाबताना.

बिघडतं कुठे, तर वयानुसार लागणारी जवळची भिंग न लावणं, भिंगेची कड डोळ्याच्या आड येऊ देणं (मग कागदावर कडेने काळी पट्टी येते आणि रुग्ण हबकतो), खाली लोंबणारी पापणी चिकटपट्टीने वर न धरणं (वरचा भाग काळा येतो), आणि तंत्रज्ञ चाचणी सुरू करून चहाला जाणं. कागद हातात आला की वर डाव्या कोपऱ्यात बघा. फिक्सेशन लॉसेस (मधल्या दिव्यावरून नजर हलणं) २० टक्क्यांच्या वर किंवा फॉल्स पॉझिटिव्ह (ठिपका नसताना बटण दाबणं) १५ टक्क्यांच्या वर असेल तर त्या कागदावरून निर्णय घेऊ देऊ नका. खाली एमडी, म्हणजे नजर सरासरी किती घटली ते सांगणारा आकडा असतो: शून्य ते उणे ६ सौम्य, उणे ६ ते उणे १२ मध्यम, त्यापुढे गंभीर, ही ढोबळ वाटणी. पहिली फील्ड जवळपास सगळ्यांचीच खराब येते, कारण ती शिकण्यात जाते. एकाच फील्डवरून 'तुमची नजर गेलीय' असं सांगणाऱ्यापेक्षा 'दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करू' म्हणणारा डॉक्टर बरा.

ओसीटी सध्या जोरात आहे. नसेच्या तंतूंची जाडी मायक्रॉनमध्ये मोजून हिरवा-पिवळा-लाल रंग देणारं हे यंत्र उपयोगी आहे, पण त्याचा लाल रंग म्हणजे निदान नव्हे. मोठ्या उणे नंबरच्या डोळ्यात तंतूंची मांडणीच वेगळी असते, त्यांना निरोगी असूनही लाल येतो. सिरस या ओसीटी यंत्राच्या कागदावर सिग्नल ६ च्या खाली असेल तर आकडे कच्चे. एका कंपनीच्या यंत्रावरची ९२ आणि दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरची ८४ यांची वजाबाकी करू नये; आजार वाढला असं वाटून औषध वाढवलं जातं आणि बदललेलं असतं ते फक्त यंत्र. शक्यतो दरवर्षी त्याच जागी, त्याच यंत्रावर. आजार फार पुढे गेला की जाडी पन्नासेक मायक्रॉनवर येऊन थांबते, तिथून पुढे ओसीटी काही सांगत नाही; मग फील्डवर, आणि मधल्या नजरेसाठी १०-२ या नमुन्यावर भिस्त ठेवायची. नुसत्या ओसीटीची 'ऑफर' देणाऱ्या केंद्रात पैसे घालवण्यापेक्षा गोनिओस्कोपी करणाऱ्या साध्या दवाखान्याची फी द्यावी.

कोणत्या दारात जायचं

मोफत शिबिरात मोतीबिंदू शोधणं हा मुख्य हेतू असतो. बॅटरीने डोळा पाहिला, अक्षरं वाचून घेतली, नाव लिहिलं. मोतीबिंदूसाठी ते उत्तम, काचबिंदूसाठी जवळपास निरुपयोगी.

जवळचा नेत्रतज्ज्ञ ही बहुतेकांसाठी योग्य पहिली पायरी. गोल्डमन, भिंग आणि बाहुली मोठी करून तपासणी, एवढं तो करत असेल तर साध्या, स्थिर काचबिंदूची देखभाल वर्षानुवर्षं तिथेच होऊ शकते. काचबिंदूच्या तज्ज्ञाकडे कधी जायचं? दोन-तीन औषधांनंतरही दाब उतरत नसेल, फील्ड दर वर्षी खालावत असेल, एका डोळ्याची नजर आधीच गेली असेल, ऑपरेशनची भाषा सुरू झाली असेल, किंवा रुग्ण लहान मूल असेल.

सरकारी मेडिकल कॉलेजची ओपीडी, म्हणजे मुंबईत जे. जे. किंवा केईएम, पुण्यात ससून, नागपुरात जीएमसी. गर्दी आहे, सकाळी लवकर केसपेपर काढावा लागतो, अख्खा दिवस मोडतो. पण शिकाऊ डॉक्टरांना गोनिओस्कोपी शिकायचीच असते आणि वरिष्ठ ती पुन्हा तपासतात, त्यामुळे खासगीत राहून जाणारी गोष्ट इथे बहुधा होते. अडचण वेगळी: दर खेपेला डॉक्टर बदलतो. जुना केसपेपर, प्रत्येक फील्डचा मूळ कागद आणि चालू औषधांच्या बाटल्या पिशवीतून नेल्या नाहीत तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात होते. कागदांच्या झेरॉक्स काढताना रंगीत काढा. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर ओसीटीचे रंग कळत नाहीत.

धर्मादाय रुग्णालयं हा मधला मार्ग. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार राज्यातल्या अशा मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. काउंटरवर हे आपणहून कुणी सांगत नाही. समाजसेवा अधिकाऱ्याचं टेबल शोधायचं, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड बरोबर ठेवायचं, आणि हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी करायचं. बिल तयार झाल्यावर घासाघीस होत नाही.

तज्ज्ञ निवडताना पाटीवर एमएस, डीएनबी किंवा डीओएमएस असतंच. त्यापुढे काचबिंदूतली फेलोशिप आहे का ते पाहा. पण पदवीपेक्षा तीन प्रश्नांची उत्तरं जास्त कामाची. माझा अँगल उघडा आहे की बंद? माझं टार्गेट प्रेशर किती? पुढची फील्ड कधी? टार्गेट म्हणजे या डोळ्याला पुढे नुकसान होऊ नये म्हणून ठरवलेला दाब, आणि तो प्रत्येकाचा वेगळा: सुरुवातीच्या आजारात १८ चालेल, खूप पुढे गेलेल्या डोळ्यात १२ सुद्धा जास्त ठरू शकतो. फाईलमध्ये हा आकडा लिहिलेला नसेल तर 'प्रेशर छान आहे' या वाक्याला काही अर्थ नाही.

ऑपरेशनसाठी महिन्यातून एकदा तालुक्याला येणारा व्हिजिटिंग सर्जन घेऊ नये, मग तो कितीही नावाजलेला असो. ट्रॅबेक्युलेक्टमीत डोळ्यातल्या पाण्याला नवी वाट करून देतात. टेबलावरचं काम तासाभराचं, पण यश ठरतं पुढच्या सहा आठवड्यांत: टाके लेझरने सैल करणं, वाट बुजायला लागली तर सुईने मोकळी करणं, दाब फार खाली गेला तर सावरणं. दर आठवड्याला, कधी दोन दिवसांनी जावं लागतं. त्यामुळे एसटीने दोन तासांत पोचता येईल असा सर्जन हा निकष गंमतीचा नाही. ट्रॅबेक्युलेक्टमी फसलेल्या डोळ्यात नळी बसवतात. मदुराईच्या ऑरोलॅबने बनवलेल्या 'आडी' नळीमुळे परदेशी व्हॉल्व्हच्या तुलनेत खर्च बराच खाली आला आहे. ती तुमच्या डोळ्याला चालेल का, हे विचारायला हरकत नाही.

लेझरचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि रुग्ण ते हमखास एकच समजतात. कोपरा बंद असेल तर रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडतात. कोपरा उघडा असेल तर एसएलटी, ज्यात पाणी झिरपून जातं त्या कोपऱ्यातल्या जाळीवरच लेझर देतात. ब्रिटनमधल्या लाइट नावाच्या चाचणीत (२०१९) एसएलटीपासून सुरुवात केलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७४ टक्के तीन वर्षांनी औषधाच्या थेंबांशिवाय दाब राखून होते. म्हणून नव्याने निदान झालेल्या, उघड्या कोपऱ्याच्या रुग्णापुढे थेंबांच्या जोडीने एसएलटीचाही पर्याय ठेवला जावा. परिणाम कायमचा नसतो, काही वर्षांनी ओसरतो, हेही त्याच वेळी सांगितलं जावं.

थेंबांबद्दल

लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट: रोज रात्री एकदा. दोनदा टाकून जास्त फायदा होत नाही, उलट परिणाम घटतो. डोळा लाल होणं, पापण्यांचे केस वाढणं, डोळ्याभोवती काळपटपणा येणं आणि डोळे खोल गेल्यासारखे दिसणं हे नेहमीचे त्रास. एकाच डोळ्यात टाकायचं असेल तर दोन डोळ्यांतला फरक लोकांच्या लक्षात येतो, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. टिमोलॉल स्वस्त आणि चांगलं, पण दमेकरी आणि मंद नाडीच्या माणसाला धोक्याचं. डोळ्यातून नाकात आणि तिथून रक्तात जातं. बऱ्याच संयुक्त थेंबांत टिमोलॉल असतं, म्हणून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. ब्रिमोनिडिनने काहींना काही महिन्यांनी लाल, खाजरी अ‍ॅलर्जी येते आणि दोन वर्षांखालच्या बाळाला ते देतच नाहीत. दाब उतरवणाऱ्या डायमॉक्सच्या गोळीने बोटांना मुंग्या येतात. मुतखडा झालेल्यांनी आधी सांगावं.

एका वेळी एकच थेंब. दुसऱ्याला डोळ्यात जागाच नसते, तो गालावर येतो. मग दोन मिनिटं डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरा, दुसरं औषध पाच मिनिटांनी. लॅटानोप्रोस्टच्या अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ८० थेंब बसतात. दोन डोळ्यांना रोज एकेक म्हटलं तर महिनाभर. पंधरा दिवसांत संपत असेल तर थेंब बाहेर सांडतायत, दोन महिने पुरत असेल तर रात्री चुकतायत. दुकानदाराने न उघडलेली बाटली फ्रिजमधून काढून दिली का तेही बघा. खोलीच्या तापमानाला टिकणारी काही उत्पादनं आहेत, पण ते खोक्यावर लिहिलेलं असतं. आणि अपॉइंटमेंटच्या दिवशी 'आज तपासणी आहे म्हणून टाकलं नाही' असं करू नका. औषध चालू असतानाचा दाबच डॉक्टरला हवा असतो.

मेडिकलवाल्याने डोळ्याच्या खाजेवर दिलेले स्टेरॉइडचे थेंब हे काचबिंदूचं अगदी टाळता येण्यासारखं कारण. उन्हाळ्यात डोळे चोळणाऱ्या मुलांना ते महिनोन् महिने दिले जातात, कारण आराम लगेच पडतो. नावात 'डेक्सा', 'प्रेड' किंवा 'बीटा' दिसलं की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुसरी बाटली आणू नका. नसेला ताकद देणाऱ्या कॅप्सूलने दाब उतरत नाही. आजार थांबवण्याचा सिद्ध झालेला मार्ग दाब उतरवणं हाच आहे. योगासनं करणाऱ्यांनी शीर्षासन सोडावं, त्यात डोळ्याचा दाब दुपटीच्या घरात जातो. बाकी आसनं आणि चालणं चालू द्यावं.

घरात कुणाला काचबिंदू असेल तर सख्ख्या भावंडांची पूर्ण तपासणी चाळिशीची वाट न बघता करा. नात्यात लग्न झालेल्या जोडप्याच्या बाळाचे डोळे कौतुक वाटावं इतके मोठे दिसत असतील, उजेडात ते डोळे मिटून घेत असेल आणि पाणी गळत असेल, तर दृष्ट काढत बसू नका, त्याच आठवड्यात मुलांचा काचबिंदू बघणाऱ्या विभागात न्या. तिथे उपचार बहुधा ऑपरेशनच असतो आणि आठवडेही मोजावे लागतात. मोठ्या माणसाचा एक डोळा अचानक लाल होऊन ठणकू लागला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसू लागली, अर्धं डोकं दुखतंय आणि उलट्या होतायत, तर हे पित्त किंवा अर्धशिशी समजून रात्रभर थांबायचं नाही. नेत्रविभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं आणि दारातच आधी डोळ्याचं सांगायचं, उलटीचं नंतर.